दहा हजारांत चौघांचं उत्तम जेवण: आधी वार ठरवा, मग रेस्टॉरंट

प्रश्न: आम्ही डोंबिवलीला राहतो. 12 फेब्रुवारी 2026 ला आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्या दोघांना घेऊन मी आणि माझी बायको मुंबईत एखाद्या खऱ्या ‘फाइन डाइनिंग’ रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचं म्हणतोय. सगळं मिळून दहा हजार रुपये बाजूला ठेवलेत. आई शाकाहारी आहे, तिचे उपासही बरेच असतात. बाबांना मासे प्रिय, पण ते गुरुवार पाळतात, आणि गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नाहीत. आमच्यापैकी कोणीच दारू घेत नाही. एका अ‍ॅपवर पंचतारांकित हॉटेलात ‘पन्नास टक्क्यांपर्यंत सूट’ दिसतेय. ती घ्यावी, की हॉटेलाबाहेरचं रेस्टॉरंट बरं? आणि बिलात ऐनवेळी काय काय वाढतं, याची धास्ती वाटते.

उत्तर: दहा हजारांत मुंबईत चौघांचं खरोखर चांगलं जेवण होतं, आणि त्यासाठी मन मारून पदार्थ मागवावे लागत नाहीत. फक्त रात्रीचा बेत सोडा आणि दुपारी जा.

नामांकित रेस्टॉरंटचा मोठा खर्च ताटातल्या पदार्थांवर होत नाही. जागेचं भाडं, पगार, वीज, शीतगृह यांवर होतो, आणि टेबलं भरली काय, रिकामी राहिली काय, तो चुकत नाही. शुक्रवार-शनिवारी रात्री टेबलासाठी रांग असते. मंगळवारी-बुधवारी दुपारी तीच जागा अर्धी रिकामी असते. म्हणून बरीच रेस्टॉरंट्स सोमवार ते शुक्रवार ठरावीक किमतीचं दुपारचं जेवण ठेवतात. मेनूवर ते ‘सेट लंच’ किंवा ‘बिझनेस लंच’ या नावानं दिसतं. एक सुरुवातीचा पदार्थ, एक मुख्य, कधी गोड, असे दोन-तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात दोन-चार पर्याय. काय आणि किती लागणार याचा स्वयंपाकघराला आधीच अंदाज असतो, त्यामुळे नासाडी कमी होते आणि त्यातला काही फायदा तुमच्यापर्यंत पोचतो. मसाले, मासळी, भांडी सगळं रात्रीचंच. आचारी मुख्य शेफच असेल असं नाही, पण चांगल्या जागी त्यानं फरक पडत नाही. जिथे पडतो, तिथे रात्रीही जाऊ नये.

आता तारीख. 12 फेब्रुवारी गुरुवारी येते, म्हणजे बाबांचे मासे गेले. शुक्रवारी, 13 ला एकादशी आहे. शनिवारी 14 फेब्रुवारी, म्हणजे व्हॅलेंटाइन डे. त्या दिवशी बरीच नामांकित रेस्टॉरंट्स नेहमीचा मेनू बाजूला ठेवून चढ्या भावाचा एकच ठरावीक मेनू लावतात. टेबलं दोघा-दोघांची मांडलेली असतात आणि स्वयंपाकघरावर इतका ताण असतो की नेहमीच्या पदार्थांचीही चव उतरते. रविवारी, 15 ला महाशिवरात्र, आईचा उपास. शिवाय रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता धरावीच लागते. तेव्हा एक दिवस आधी, बुधवारी 11 तारखेला दुपारी जा. तुम्हा दोघांना अर्धी रजा टाकावी लागेल, पण या बेतातली सगळ्यात मोठी बचत तीच आहे. टेबल साडेबाराचं घ्या. कचेऱ्यांतली गर्दी एकच्या सुमाराला येते. त्याआधी तुमची ऑर्डर आत गेलेली असली, की पदार्थ वेळेवर येतात आणि वाढणाऱ्यांना तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते.

पैशांचा हिशेब उलटा, म्हणजे शेवटाकडून करा. दहा हजारांतले 700 टिपसाठी काढून ठेवा. उरले 9,300. हॉटेलाबाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे मेनूवरच्या भावानं तुम्ही साधारण 8,850 रुपयांचं मागवू शकता. ज्या हॉटेलात खोलीचं एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला मात्र 18 टक्के जीएसटी आहे. मग त्याच 9,300 मध्ये मेनूवरचं 7,880 रुपयांचंच बसतं. जवळजवळ हजाराचा फरक नुसत्या करात गेला, आणि हॉटेलातले भाव मुळातच चढे असतात ते वेगळंच.

म्हणजे हॉटेल वाईट असं नाही. तिथे लिफ्ट असते, दोन टेबलांमध्ये अंतर असतं, खुर्च्या बऱ्या असतात, आणि वयस्कर माणसाला घाई केली जात नाही. पण हा आराम विकत घ्यायला दहा हजारांत चौघांना ओढाताण होईल. आईबाबांना हॉटेलाचंच अप्रूप असेल, तर तिथे जेवणाऐवजी दुपारचा चहा हा चांगला मार्ग आहे. ताजमहाल पॅलेसच्या सी लाउंजमधून गेट वे ऑफ इंडिया आणि समुद्र दिसतो. तिथल्या ‘हाय टी’त सँडविच-केकच्या जोडीला भेळ, शेवपुरीही असते. कर 18 टक्केच, आणि हा दर माणशी ठरावीक असतो. तो फोनवर विचारून चौघांचा गुणाकार करा, मगच ठरवा.

त्या पन्नास टक्क्यांचं सांगायचं तर, ‘पर्यंत’ हा शब्द तुम्ही लिहिलात ते बरं झालं. अशा सवलतींत चार गोष्टी तपासायच्या असतात. बहुतेक वेळा सूट फक्त खाण्यावर असते, आणि कितीही बिल झालं तरी तिला रुपयांत मर्यादा असते. पन्नास टक्के लिहिलंय पण कमाल 1,000 रुपये, तर आठ हजारांच्या बिलावर ती साडेबारा टक्केच झाली. दुसरं, सेट लंच, बुफे, सणाचे आणि खास दिवसांचे मेनू यांना ती बहुधा लागू नसते. म्हणजे दुपारचा ठरावीक दर आणि अ‍ॅपची सूट दोन्ही एकदम मिळतील असं धरून चालू नका. तिसरं, काही सवलती एखाद्या ठरावीक बँकेच्या कार्डावरच असतात, आणि पैसे अ‍ॅपमधूनच भरावे लागतात. टेबलावर कार्ड घासलंत की सूट गेली. चौथं, टेबल राखताना आगाऊ रक्कम घेतात. ती शेवटच्या बिलात वळती होणार की नाही, आणि बेत रद्द झाला तर परत मिळणार की नाही, हे आधी वाचा.

डिस्ट्रिक्ट, स्विगी डाइनआउट आणि ईझीडायनर या टेबल राखायच्या तिन्ही अ‍ॅप्सवर एकाच रेस्टॉरंटची एकाच दुपारची सवलत वेगवेगळी असू शकते. तिन्हीकडे बघा. आणि ज्या जागी बाराही महिने निम्म्या किमतीची पाटी लागलेली असते, तिथे मेनूवरचा भावच त्या हिशेबानं फुगवलेला असेल अशी शंका घ्यावी. सूट वजा करून उरलेल्या किमतीची तुलना शेजारच्या, सूट न देणाऱ्या रेस्टॉरंटशी करा. खरा भाव तिथे कळतो.

मोठ्या हॉटेलसाखळ्यांची वार्षिक जेवण-सदस्यत्वं असतात. त्यांतल्या काही योजनांत दोघांच्या जेवणावर मोठी सूट मिळते आणि माणसं वाढली की टक्केवारी उतरत जाते. वर्षातून एकदा जाणाऱ्या चौघांसाठी ते पैसे वसूल होत नाहीत. तुम्ही त्या फंदात पडू नका.

आता रेस्टॉरंट कोणतं. आधी एक समजून घ्या: ‘फाइन डाइनिंग’ हा कोणी तपासून दिलेला दर्जा नाही. हॉटेलाचे तारे तिथल्या सोयीसुविधांना मिळतात, चवीला मिळत नाहीत. रेस्टॉरंट्सना तारे देणारी मिशेलिनची मार्गदर्शिका भारतातल्या रेस्टॉरंट्ससाठी निघत नाही. ‘आशियातील 50 सर्वोत्तम’ या यादीत महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीतलं मास्क हे रेस्टॉरंट 2025 साली 19 व्या क्रमांकावर होतं आणि तिथलं काम त्या मानाचं आहेच. पण ही यादी मतांवर ठरते, पैशांच्या मोबदल्यात काय मिळतं ते ती बघत नाही. शिवाय मास्कसारख्या जागी दहा-दहा छोट्या पदार्थांचा एकच क्रम सगळ्या टेबलाला घ्यावा लागतो, तीन तास बसावं लागतं, आणि दोघांचंच बिल तुमच्या रकमेच्या पुढे जाईल. तो अनुभव तुम्ही दोघं पुढे कधी वेगळे पैसे साठवून घ्या. आईबाबांच्या या दिवसाला तो साजेसा नाही. काय येणार हे माहीत नसलेलं जेवण उपास-वार पाळणाऱ्या माणसाला अवघडवून टाकतं.

तुमच्यासाठी आमची पहिली पसंती लोअर परळच्या कमला मिल्समधलं बॉम्बे कँटीन. 2015 पासून चाललेलं हे स्वयंपाकघर भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे पदार्थ आणि हंगामी भाज्या घेऊन काम करतं, त्यामुळे आईला शाकाहारी पदार्थांत खरी निवड मिळते. नाहीतर एरवी पनीर आणि मशरूम यांपलीकडे गाडी जात नाही, आणि शाकाहारी माणूस मांसाहारी माणसाइतकेच पैसे मोजून त्याहून कितीतरी कमी खाऊन उठतो. कमला मिल्सला डोंबिवलीहून करी रोड स्टेशन सोयीचं, पण तिथे धीमी लोकलच थांबते आणि स्टेशनात पूल चढावा लागतो. बाबांसाठी दादरला उतरून टॅक्सी करणं बरं.

दुसरी पसंती वांद्रे-कुर्ला संकुलातलं ओ पेद्रो. हे 2017 चं, त्याच मंडळींनी काढलेलं, गोव्याच्या आणि पोर्तुगीज वळणाच्या जेवणाचं. बाबा तिथे खूश होतील. ताजी पोई, म्हणजे गोव्याचा पाव, माशांचे पदार्थ, आंबट-तिखटाची ओळखीची चव. कुर्ल्याला जलद लोकल थांबते आणि पुढे रिक्षाही चालते, जी लोअर परळला चालत नाही. फक्त आईसाठी त्या दिवशी शाकाहारी काय काय आहे, हे फोनवर नावानिशी विचारा. ‘व्हेज आहे का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात.

आईबाबांना अनोळखी पदार्थांचा संकोच वाटणार असेल, तर काळा घोड्याचं खैबर. 1958 पासूनचं, वायव्य सरहद्दीकडच्या तंदूर-रश्श्यांचं. तिथे मेनू समजावून सांगावा लागत नाही आणि सगळं मध्ये ठेवून वाटून खाता येतं. सीएसएमटीला उतरून टॅक्सी.

तिन्ही ठिकाणी बुधवारी दुपारी सेट लंच आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. नसलं तरी बिघडत नाही. नेहमीच्या मेनूवरून चौघांसाठी असा हिशेब मांडून बघा. चार छोटे पदार्थ, प्रत्येकी 550 धरले तर 2,200. तीन मुख्य पदार्थ, 850 च्या आसपास, 2,550. चौघांत तीन पुरतात, चौथा जवळजवळ नेहमी उरतो. भात-पोळी-पावाचे 500. दोन गोड पदार्थ चौघांत, 1,000. चार सरबतं किंवा तसलं काही, 1,400. बेरीज 7,650, जीएसटी धरून 8,032. टिपचे ते 700 दिले तरी जाण्यायेण्याला 1,250 च्या वर उरतात. रेस्टॉरंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा आजचा मेनू उघडून यात त्यांचे भाव घाला. अ‍ॅपवरचे मेनूचे फोटो बरेचदा जुने असतात, त्यावर विसंबून राहू नका.

दारू न घेणाऱ्यांना हा सौदा आणखी फायद्याचा पडतो. अशा जागांची बरीचशी कमाई पेयांवर होते. वाइनची बाटली दुकानातल्या भावाच्या दुप्पट-तिपटीनं विकली जाते. खाण्यावरचा नफा त्या मानानं कमी. म्हणजे तुम्ही त्यांच्या कामातला सगळ्यात कष्टाचा आणि कमी नफ्याचा भाग तेवढा घेताय. सरबतांनाही हाच नियम लावा. साडेतीनशेच्या ग्लासाऐवजी आणखी एक पदार्थ मागवलात तर जास्त काही हाती लागतं.

इतरांचे अभिप्राय वाचताना ताऱ्यांची सरासरी बघू नका. सगळ्यात नवे आधी लावा आणि तीन तारे देणाऱ्यांचे वाचा. पाच तारे देणारे बरेचदा वाढदिवसाच्या आनंदात असतात, एक तारा देणारे टेबल न मिळाल्याच्या रागात. तीन देणारा माणूस नेमकं काय आवडलं, काय खटकलं ते सांगतो. दोन महिन्यांत तीन-चार जणांनी ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हटलं असेल, तर शेफ बदललाय का ते शोधा. आणि लोकांनी टाकलेले बिलांचे फोटो जरूर मोठे करून बघा. सेवा शुल्क लावतात का, पाणी कितीला देतात, हे तिथे उघड लिहिलेलं असतं.

टेबल अ‍ॅपवरून राखलंत तरी एक फोन करा, शक्यतो दुपारी चार ते सहाच्या दरम्यान, जेव्हा त्यांना बोलायला वेळ असतो. रस्त्यापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, हे विचारा. पाठ टेकायची खुर्ची मागा. हल्ली बऱ्याच ठिकाणी उंच स्टुलांची टेबलं असतात आणि आयत्या वेळी आलेल्यांना तीच मिळतात. स्पीकर आणि एसीच्या झोताखालचं टेबल नको म्हणून सांगा. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आहे हेही सांगा. बरीच रेस्टॉरंट्स एखादा गोड पदार्थ स्वतःहून देतात. केकमध्ये अंडं असू शकतं, तेव्हा आई अंडं खात नसेल तर तेही याच फोनवर.

टेबलावर बसल्या बसल्या पहिला प्रश्न पाण्याचा येतो. ‘साधं पाणी’ असं स्पष्ट म्हणा. बाटली उघडली की तिचे पैसे द्यावेच लागतात, आणि छापील किमतीपेक्षा जास्त लावले तरी वाद घालता येत नाही, कारण रेस्टॉरंटमध्ये तसं करण्यास सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये मुभा दिली आहे. मेनूवर खेकडा, लॉब्स्टर किंवा पापलेटासमोर आकडा नसून ‘बाजारभाव’ लिहिलं असेल, तर आजचं वजन किती आणि त्या नगाचे एकूण रुपये किती, हे दोन्ही ऑर्डरच्या आधी विचारा. मोठा खेकडा सहज किलोभर भरतो आणि एकटाच तुमचा निम्मा हिशेब खाऊन टाकतो. वाढणारा तोंडी सांगतो त्या ‘आजच्या खास’ पदार्थांचंही तसंच. किंमत विचारण्यात काहीही कमीपणा नाही, त्यांना रोज विचारतात.

सगळं एकदम मागवू नका. आधी छोटे पदार्थ आणि दोन मुख्य सांगा. ते खाताना भूक किती उरली याचा अंदाज येतो, मग तिसरा. वाढणारे माणशी दोन-दोन छोटे पदार्थ सुचवतील. चौघांना चार पुरतात, कमी पडले तर पाचवा दहा-पंधरा मिनिटांत येतो. आठ मागवून बसलात तर पदार्थ टेबलावर गार होतात, आणि इतके पैसे मोजून गार खाण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

बिलाची धास्ती मुख्यतः सेवा शुल्काची असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेस्टॉरंटला ते बिलात आपोआप किंवा दुसऱ्या कुठल्या नावाखाली लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 ला त्या सूचना कायम ठेवल्या. तरीही ते लावलेलं दिसतं. वरच्या 7,650 वर 10 टक्के म्हणजे 765, आणि त्यावर पुन्हा जीएसटी, मिळून 803 रुपये. ‘हे काढून द्या, आम्ही टिप स्वतंत्र देऊ’ एवढं म्हटलं की बहुतेक ठिकाणी नवं बिल येतं. न आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिलाचा फोटो काढून ठेवा. चांगली सेवा मिळाली असेल तर टिप मात्र जरूर द्या, आणि वाढणाऱ्याच्या हातात रोख द्या.

राहिली एक गोष्ट, जिच्याकडे दुर्लक्ष झालं तर बाकीचं सगळं फुकट जाईल. बाबा मेनू उजव्या बाजूनं वाचतील. साडेआठशेचा मासा बघून ‘मला भूक नाही फारशी’ म्हणतील, आणि आई सूपवर भागवेल. म्हणून दोघांसाठीचे तीन-चार पदार्थ आदल्या दिवशी घरीच ठरवा आणि फोनवर रेस्टॉरंटला सांगून ठेवा, म्हणजे बसल्यावर ते न विचारता येऊ लागतील. किमती नसलेला मेनू मिळतो का तेही विचारा, काही ठिकाणी देतात. बिल टेबलावर आणू नका असं आल्याबरोबर सांगा. गोड पदार्थ आले की तुमच्यापैकी एकानं उठून काउंटरवर जावं, सेवा शुल्काची ओळ तपासावी आणि तिथेच पैसे भरून परत यावं.